शेजारच्या बाकावरून जगाकडे : सीमाभागातल्या शाळेसाठी वर्षभराचा आराखडा

दहा-बारा वर्षांपूर्वी बेळगाव भागातल्या आमच्या मराठी शाळेत मी मोठ्या हौसेनं ‘जागतिक संस्कृती दिन’ केला. चकचकीत कागदाचा किमोनो, थर्माकोलचं इग्लू, भिंतीवर पन्नास देशांचे झेंडे आणि नववीतल्या एका मुलाला काळा रंग फासून उभा केलेला ‘आफ्रिकन’. पालकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो चार दिवसांनी आले, तेव्हा एका फोटोत मागच्या रांगेत बसलेली सातवीतली एक मुलगी दिसली. खानापूरच्या रानाकडच्या सिद्दी वस्तीतून येणारी. सगळे हसत होते आणि ती त्या रंगवलेल्या मुलाकडे एकटक बघत होती. तिच्या खापर-खापरपणज्यांना पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून जहाजांत घालून आणलं होतं, हे मला माहीत होतं. समाजशास्त्र शिकवत होते की मी! तरीही दिवसभर ती माझ्या डोळ्यांना दिसली नाही.

कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत नळापाशी किमोनोवाल्या मुली आणि इग्लूवाली मुलं शेजारच्या कन्नड शाळेतल्या पोरांची ‘यंडुगुंडु’ म्हणून नक्कल करत होती. तिकडच्यांकडेही आमच्यासाठी ठेवणीतले शब्द होतेच.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी डबा, घर, शेजारचा बाक, आणि मग जपान-केनिया. खाली दिलेला आराखडा पाचवी ते दहावीच्या वर्गांवर बरीच वर्षं घासून झालेला आहे. आठवड्याला एक तास आणि वर्षाला हजारभर रुपये एवढ्यात बसतो. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, वर्गाला दिवाळीनंतर यातून मोकळं सोडा, नाहीतर पालक येऊन भांडतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

सुरुवात आपल्यापासून

जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी एक वही घ्या. कन्नडिग, मुसलमान, ख्रिस्ती, ऊसतोडीच्या टोळीतले लोक, गोव्याचे लोक, परदेशी लोक, अशा एकेका पानावर डोक्यात पहिल्यांदा येईल ते लिहा. कुणाला दाखवू नका. माझ्या वहीत टोळीतल्या मुलांच्या पानावर ‘तीन महिन्यांत जातात’ एवढंच होतं. मग लक्षात आलं, ती मुलं आली की मी त्यांची नावंसुद्धा नीट पाठ करत नव्हते. या वहीचा उपयोग एवढाच, की आपण कुठं अडखळणार ते आपल्याला आधी कळतं. मुलांना ते तसंही कळलेलं असतं.

पहिली पायरी : उपासाचं ताट

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशीचा तास यासाठी राखून ठेवा. साहित्य म्हणजे जगाचा एक मोठा नकाशा, टाचण्या आणि फळा. मुलांना विचारा, उद्या घरी काय काय होणार? ती भराभर सांगतात: साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, बटाट्याची भाजी, रताळ्याच्या फोडी, राजगिऱ्याचा लाडू. सगळं फळ्यावर उतरवून घ्या. आता एकेका पदार्थाचं मूळ गाव शोधायचं. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला, आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही तिकडचाच. मिरची मेक्सिकोकडची. रताळं आणि राजगिरा अमेरिका खंडातलेच. टाचण्या लावत गेलं की हळूहळू सगळी गर्दी नकाशाच्या डाव्या बाजूला होते आणि भारत मोकळाच राहतो.

इथं थोडं थांबा. मुलांना बघू द्या.

मग तारखा सांगा. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये. पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. ही पिकं युरोपी जहाजांतून आपल्याकडे आली ती यानंतर. म्हणजे ज्ञानेश्वरांनी मिरची कधी चाखलेली नव्हती! हे वाक्य मी दरवर्षी मुद्दाम राखून ठेवते, कारण त्यावर वर्गात जो गलका होतो त्याला तोड नाही. एका वर्षी पाठीमागून आवाज आला, “मग त्या वेळची आज्जी उपासाला खात काय होती ओ बाई?” उत्तर मुलांनीच काढलं: वरीचे तांदूळ, दूध, केळी. मग दुसऱ्यानं हिशेब मांडला की पूर्वी उपास म्हणजे खरंच उपास असणार.

आता खरा प्रश्न. ब्याडगी मिरची हावेरी जिल्ह्यातली, तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. निपाणीची तंबाखू साऱ्या मुलखात प्रसिद्ध. आपल्या पश्चिम भागातली रताळी मुंबई-पुण्याच्या बाजारात ‘बेळगावची’ म्हणूनच विकली जातात. तर ही पिकं आपली की परकी? वर्गाचे दोन गट पाडून वीस मिनिटं भांडू द्या. निकाल देऊ नका. मुलांची गाडी आपोआप ‘एखादी गोष्ट आपली कधी होते’ इथवर येते. वर्षभर हा प्रश्न उपयोगी पडणार आहे, त्यामुळे तो तसाच टांगता राहू द्या.

आठवीच्या वरच्या मुलांना आणखी एक पदर सांगा. ज्या समुद्री व्यापारातून मिरची आली त्याच व्यापारात माणसंही विकली गेली. पूर्व आफ्रिकेतून आणलेली माणसं गोव्यात विकली जात, आणि तिथून सुटलेल्या-पळालेल्यांचे वंशज आज यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड आणि आपल्या खानापूर तालुक्यात राहतात. कोकणी, मराठी, कन्नड बोलतात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ साली. वर्गात सिद्दी मूल असेल तर हा भाग शिकवण्याआधी त्याच्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बोला. सांगायचं की नाही, किती सांगायचं, आणि ते स्वतः काही सांगणार का, हे त्यांना ठरवू द्या. चार वर्षांनी मी हे त्या मुलीच्या धाकट्या भावाच्या बाबतीत केलं. तो म्हणाला, “तुम्हीच सांगा बाई, मी ऐकतो.” तेवढं पुरे झालं.

दुसरी पायरी : दोऱ्यांचा नकाशा

हिला जुलै-ऑगस्टचे तीन तास लागतात. प्रत्येक मुलानं घरी तीन प्रश्न विचारून यायचं. आपल्या घरातलं कोण कोण बाहेरगावी कामाला गेलं? आपल्या गल्लीत बाहेरून कोण आलं? जाताना किंवा येताना सगळ्यात जास्त अडचण कशाची झाली?

नकाशावर बेळगावातून लाल दोरे बाहेर जातात: गोवा, पुणे, मुंबई, बंगळूर, दुबई, मस्कत. हिरवे दोरे आत येतात: उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारे बिहारचे तरुण, मिठाईच्या दुकानातले राजस्थानी, उसाच्या फडात कोप्या टाकून राहणाऱ्या टोळ्या. हत्तरगीच्या औद्योगिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग तयार होऊन परदेशी जातात, तेव्हा एखाद्या मुलाचा मामा रोज जगाच्या बाजारासाठी काम करतो आणि संध्याकाळी कडोलीला जेवायला घरी असतो. तोही दोरा लावा.

आमच्या भागात लाल दोऱ्यांचा एक जुना गठ्ठा निघतोच, तो फौजेचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे बऱ्याच घरांत पणजोबांची पदकं ट्रंकेत असतात. दुसऱ्या महायुद्धात या पलटणी एरिट्रियातल्या केरेनला लढल्या, इटलीत लढल्या. यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये गाजवलेल्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दोन्ही वेळा रणभूमी इटलीतली होती. घाडगे तिथंच पडले. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावानं स्मारक उभं राहिलं. मुलांना विचारा: त्या गावच्या लोकांनी ऐंशी वर्षांनी एका मराठी जवानाची आठवण का ठेवली असेल? आणि आपल्या गावात बाहेरून येऊन राबलेल्या कुणाची आठवण आपण ठेवलीय? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक वर्ग गप्प बसतो. बसू द्या.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वेगळ्या कागदावर लिहून घ्या, नावाशिवाय. मस्कतला गेलेल्या काकाची अडचण आणि बिहारहून आलेल्या कामगाराची अडचण शेजारी शेजारी वाचली, की दोन्हीकडे भाषा, जेवण, भाडं आणि सणाला घरी जाता न येणं हेच निघतं.

तिसरी पायरी : शब्दांची देवघेव

ही पायरी झटपट होते आणि मुलांना फार आवडते. मराठीतले अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द कन्नडमधून आलेले. तुपाला कन्नडमध्ये ‘तुप्प’ म्हणतात, हे सांगितलं की मुलांना खात्री पटते. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पगार, घमेलं हे पोर्तुगीजमधून. दुकान, बाजार, सरकार हे फारसीतून. उलट दिशेनंही बघा: आपला ‘चळवळ’ शब्द कन्नडमध्ये गेला आणि ‘चळवळि’ झाला. म्हणजे भांडणाच्या दिवसांतही देवघेव काही थांबलेली नाही.

प्रत्येकानं घरातल्या दहा वस्तूंवर मूळ भाषेची चिठ्ठी लावायची. द. रा. बेंद्र्यांचं उदाहरण द्या. धारवाडचे बेंद्रे घरात मराठी बोलत, कविता कन्नडमध्ये लिहीत. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड कवितेसाठी मिळाला. त्यांना कुणाचे म्हणायचं, हा प्रश्न मुलं स्वतःच काढतात. मिरचीवरून पेटलेला वाद इथं पुन्हा पेटतो.

याच आठवड्यात मराठी मुलांनी चार कन्नड वाक्यं शिकायची, पण परीक्षेची नव्हेत. ‘निम्म हेसरेनु?’, ‘ऊट आयता?’ अशी, समोरच्याची विचारपूस करणारी. कन्नड विषयात ऐंशी गुण पाडणारी आमची मुलं कंडक्टरशी बोलताना गप्प होतात, कारण भाषा त्यांच्याकडे येते ती सक्ती म्हणून. जेवलास का, असं विचारायला लागलं की ती सक्तीची राहत नाही. कन्नड शाळेतल्या शिक्षकांना हेच उलट करायला सांगा. ‘नाव काय?’, ‘जेवण झालं?’ एवढं मराठी त्यांच्या मुलांना पुरतं.

चौथी पायरी : एकमेकांवाचून अडणारं काम

माझ्या मते सगळ्या आराखड्याचं मर्म इथं आहे, म्हणून जरा सविस्तर.

दोन गटांना नुसतं एका मांडवात बसवलं तर प्रेम वाढत नाही, कधी कधी वैर वाढतं. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये चार अटी सांगितल्या: दोन्ही गटांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला सहकार्य लागावं, आणि वरच्या माणसांचा पाठिंबा असावा. आपल्या भागातले ‘भाषा-मैत्री’चे कार्यक्रम पहिल्याच अटीला आपटतात. एक शाळा यजमान, दुसरी पाहुणी. एकीचं स्वागतगीत, दुसरीच्या टाळ्या.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि रोज मारामाऱ्या होत होत्या. तेव्हा इलियट अ‍ॅरनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक पद्धत काढली. धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यायचा. पूर्ण धडा कळायचा तर बाकीच्यांचं ऐकावंच लागतं. आमच्याकडे ती अशी बसवली:

१. शेजारच्या कन्नड किंवा उर्दू शाळेतल्या एका शिक्षकाशी आधी मैत्री करा. अर्ज-पत्रव्यवहार नंतर. दोन्ही मुख्याध्यापकांना आणि दोन्हीकडच्या एसडीएमसीला (शाळेच्या विकास व देखरेख समितीला) सांगून ठेवा. चौथी अट म्हणतात ती हीच.

२. विषय असा घ्या की कुठल्याच बाजूचा वरचष्मा नको. आम्ही ‘पाऊस’ घेतला. सहा तुकडे केले: आपल्याच जिल्ह्यातली कणकुंबी आणि अथणी, मेघालयातलं मौसिनराम, चिलीचं अटाकामा वाळवंट, बांगलादेशातले पूर आणि काही भाग समुद्रसपाटीखाली असलेलं नेदरलँड्स.

३. तीन तुकडे मराठीत लिहा, तीन कन्नडमध्ये. एकेक तुकडा अर्ध्या पानाचा. त्यात एखादी तरी गोष्ट अशी हवी की ती दुसऱ्या कुठल्याच तुकड्यात नाही.

४. सहा-सहांचे गट करा, तीन मुलं इकडची, तीन तिकडची. गट शिक्षकांनी पाडायचे. मुलांवर सोडलंत तर दोन भिंतींना दोन शाळा चिकटतील.

५. पहिल्या तासात एकाच तुकड्याची सगळी मुलं एकत्र बसून आपला तुकडा पक्का करतात. दुसऱ्या तासात ती आपापल्या गटात येऊन बाकीच्या पाचांना शिकवतात. भाषा मोडकीतोडकी, हातवारे, चित्रं, सगळं चालतं.

६. शेवटी दहा प्रश्नांची चाचणी, ज्याची त्याची. प्रश्न सहाही तुकड्यांवर.

पहिल्या वर्षी एका गटात कणकुंबीकडची एक मुलगी होती आणि वडिलांच्या बदलीमुळे अथणीहून आलेला एक कन्नड मुलगा. तो हळू बोलायचा, अडखळायचा. गटातली दोन पोरं कुजबुजायला लागली. चाचणीला सात मिनिटं उरली तशी ती मुलगीच त्यांच्यावर ओरडली, “गप बसा की जरा, त्याचं राहिलंय अजून!” त्यानं सांगितलं की त्यांच्या गावी उन्हाळ्यात पाणी टँकरनं येतं, घागरी रांगेत ठेवून माणसं शाळेला-शेताला जातात. हिला पटेना. ही म्हणाली, आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधतो, शाळेच्या गणवेशाला धुराचा वास येतो. त्याला पटेना. एकाच जिल्ह्यातली दोन मुलं, आणि एकमेकांना अटाकामाइतकीच लांबची. त्या दिवशी तुकड्यांतलं अटाकामा राहूनच गेलं, तरी मी तास वाढवून दिला नाही. दोघं बोलत बोलतच फाटकापर्यंत गेली.

सहा महिन्यांत असे तीन तरी उपक्रम करा. एकदाच केलात तर ती सहल ठरते.

पाचवी पायरी : आता लांबचं जग

इथवर आलात की परदेशाचं शिकवणं सोपं जातं, म्हणून थोडक्यात. ‘डॉलर स्ट्रीट’ नावाचा गॅपमाइंडरचा एक मोफत फोटोसंग्रह इंटरनेटवर आहे. पन्नासहून अधिक देशांतल्या घरांचे फोटो त्यात देशाप्रमाणे न लावता उत्पन्नाप्रमाणे लावलेत. चूल, दात घासायचा ब्रश, झोपायची जागा, असा एकेक विषय. फोटो दाखवताना देशाचं नाव झाका आणि तीन प्रश्न विचारा: काय दिसतं? त्यावरून काय वाटतं? काय विचारावंसं वाटतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलं पहिल्यातच देऊन टाकतात, ‘गरीब लोक’ म्हणून. त्यांना परत मागे आणा: गरीब दिसत नाही, चूल दिसते. आपली चूल आणि दुसऱ्या खंडातली चूल एकाच रांगेत लागलेली दिसली की मुलं भाष्य न करता बघायला लागतात.

परदेशी शाळेशी जोडून घ्यायचं असेल तर १९८८ पासून शाळांना एकत्र आणणारं आय-अर्न हे जाळं आहे, त्याचं काम भारतातही चालतं. व्हिडिओ कॉलपेक्षा मी पत्रांना आणि फोटोंना झुकतं माप देते, कारण कॉलवर दोन्हीकडची हुशार चार मुलं बोलतात आणि बाकीची हात हलवतात. कॉल करायचाच तर घड्याळ बघा: आपले सकाळचे दहा म्हणजे जपानात दुपारचे दीड, केनियात सकाळचे साडेसात. ब्रिटनशी बोलायचं तर हिवाळ्यात आपल्या दुपारी साडेतीनला त्यांचे सकाळचे दहा वाजलेले असतात. पहिल्या पत्रात ताजमहाल, वाघ आणि योगासनं नकोत. ‘आमच्या बसस्टँडवर पाट्या किती भाषांत आहेत’ इथून सुरू करा. तिकडून प्रश्नांची सरबत्ती येते.

सहावी पायरी : सीमा, आधी दुसऱ्यांच्या

ही पायरी जानेवारीत घ्या. एक नोव्हेंबरच्या आसपास मुळीच नको. त्या दिवशी शाळेत कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि कित्येक मुलांच्या घरी काळा दिन, हा भाग महाराष्ट्रात न गेल्याच्या निषेधाचा. मुलं दोन्ही अंगावर घेऊन वर्गात बसलेली असतात. त्या दिवशी मुलांना काही विचारू नका, कुणाची फिरकी घेऊ नका, इतकंच करा.

जानेवारीत आधी लांबच्या सीमांपासून सुरू करा. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या हद्दीवर बार्ले नावाचं गाव आहे, तिथं सीमा घरांमधून जाते. घर कुठल्या देशाचं ते समोरचं दार कुठं आहे त्यावरून ठरतं, आणि रस्त्यावर हद्दीच्या फुल्या मारलेल्या आहेत. हे सांगताच कुणीतरी म्हणतंच, “आमचं शेत महाराष्ट्रात चंदगडला नि घर इकडं, आमचं काय?” मग फिनलंडमधली आलांड बेटं घ्या. तिथं स्वीडिश बोलतात. १९२१ साली राष्ट्रसंघानं बेटं फिनलंडला दिली, पण स्वीडिश भाषेच्या रक्षणाची हमी घेऊन. शेवटी बेल्जियमचं लुव्हन विद्यापीठ. डच आणि फ्रेंच भाषकांच्या वादात १९६८ मध्ये ते दुभंगलं आणि ग्रंथालय वाटताना विषम क्रमांकाची पुस्तकं एकीकडे, सम क्रमांकाची दुसरीकडे गेली. माझ्या वर्गातला एक मुलगा बराच वेळ विचार करून म्हणाला, “पहिला खंड इकडं नि दुसरा तिकडं गेला असंल तर?”

तिन्ही गोष्टींवर एकच काम द्या: या वादात कोण कोण होतं, प्रत्येकाला भीती कशाची होती, आणि शेवटी कुणाला काय सोडावं लागलं?

मगच आपला विषय, म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद, आणि तोही नववी-दहावीतच. फळ्यावर फक्त घटना मांडा: १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६६ मध्ये नेमलेला आणि १९६७ मध्ये अहवाल देणारा महाजन आयोग, २००४ मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात केलेला दावा. मग नियम सांगा. ‘आमचे लोक’, ‘त्यांचे लोक’ हे शब्द आज बंद. बोलायचं ते ‘माझ्या आजोबांनी’, ‘माझ्या गल्लीत’ असं. ज्याला बोलायचं नाही त्यानं मान हलवायची, कारण विचारायचं नाही. एकाचं बोलून झालं की दुसऱ्यानं आपलं मांडण्याआधी पहिल्याचं म्हणणं परत सांगायचं, आणि पहिल्यानं “हो, हेच म्हणालो” म्हटलं तरच पुढे जायचं. हात वर करून मतदान घ्यायचं नाही.

पालक विचारतात, बाई, मुलाला नरम करताय काय? मी सांगते, तुमच्या मुलानं मराठीचा हक्क सोडावा असं मी कधी म्हणणार नाही. कागदपत्रं मराठीतून मागणं, शाळा टिकवणं, हे त्याचं आहेच. फक्त समोरचा काय म्हणतो ते तुमच्या मुलाला समोरच्यापेक्षा नीट सांगता यावं. न्यायालयातला चांगला वकील तरी दुसरं काय करतो? यावर बहुतेक वडील हसतात. एक-दोन हसत नाहीत. त्यांच्या मुलांना त्या तासाला ग्रंथालयात बसायची मुभा द्या, आणि त्यावरून त्यांना टोमणे बसणार नाहीत याकडे लक्ष ठेवा.

आणि आपलं स्वतःचं मत? सरकारी शाळेत नोकरी करता, ते घरी ठेवा. वर्गात विचारलंच तर “माझं मत आहे, पण आजचा तास तुमचा” एवढं पुरतं.

सातवी पायरी : जाऊन बघणं, आणि बघण्याची रीत

हुबळीवरून पुढे मुंडगोडला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९६६ मध्ये वसवलेली, तिथं गांदेन आणि द्रेपुंग हे मोठे मठ आहेत. पहाटे निघालं तर एका दिवसात होते. जाण्याआधी एक तास घ्या: निर्वासित कोण, १९५९ मध्ये काय झालं, परत जाता न येणं म्हणजे काय. मठात स्तूपाला उजवीकडे ठेवून फिरायचं. प्रार्थना चालू असताना फोटो नाहीत, आणि एरवीही विचारल्याशिवाय माणसाचा फोटो नाही. प्रत्येक मुलानं एकच प्रश्न तयार ठेवायचा, आणि तो ‘तुम्ही हे असं का करता?’ असा नसावा. ‘तुम्हाला इथलं काय आवडतं?’ असा असावा. आमच्या एका मुलीनं एका म्हाताऱ्या तिबेटी बाईंना तो विचारला, तर त्यांनी कन्नडमध्ये उत्तर दिलं. आमची मुलगी कन्नडमध्येच पुढचं बोलली. सगळ्या प्रवासात मला तेवढंच आठवतं.

सिद्दी वाड्यांवर, टोळ्यांच्या कोप्यांवर मुलांना ‘दाखवायला’ नेऊ नका. कुणी बोलावलं, सणाला आमंत्रण दिलं, तरच जा. त्याआधी त्यांना शाळेत बोलवा, आणि शिकवायला बोलवा. ऊसतोडीतल्या एका आईनं आमच्या सातवीला टनाचा आणि मोळ्यांचा हिशेब शिकवला होता, गणिताच्या तासाला.

नोंद कशी ठेवायची

गुण देऊ नका. गुण दिले की मुलं सहानुभूती पाठ करतात. त्याऐवजी जूनमध्ये प्रत्येकाला एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा द्या. एका बाजूला ‘मला वाटतं...’ म्हणून शेजारच्या शाळेविषयी दोन ओळी लिहायच्या. मार्चमध्ये तोच पुठ्ठा परत देऊन मागच्या बाजूला लिहायला सांगा. काहींचं काहीच बदलत नाही, तेही ठेवा. एका मुलीनं जूनमध्ये लिहिलं होतं, ‘त्यांना आमची भाषा येत नाही.’ मार्चमध्ये मागे लिहिलं, ‘मला त्यांची येत नाही.’ एका मुलानं दोन्ही बाजूंना एकच वाक्य लिहिलं आणि खाली जोडलं, ‘पण अथणीवाला चांगला आहे.’

पुठ्ठे बिस्किटांच्या डब्यात घालून पुढच्या वर्गशिक्षकांकडे द्या, नावं खोडून. आमच्या शाळेतल्या डब्याचं झाकण गेली तीन वर्षं सापडत नाही, त्याला रबर लावलंय.